पारण्याची वेळ

आम्ही दोघी बार्शीतल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. एम. ए.ला एका बाकावर बसलो, नोकरीला दोन वर्षांच्या अंतराने लागलो, एकमेकींच्या घरची लग्ने आणि मयती पाहिल्या. तरी आपला आजार एकच आहे हे कळायला अकरा वर्षे लागली. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासायला बाहेरगावी गेलो होतो. दुपारी डबे उघडले, जेवणे झाली आणि दोघींच्या पर्समधून एकाच गोळ्यांची पट्टी निघाली.

“अगं, तुला साखर कधी निघाली?”

“साखर नाही गं. तुला?”

“मलाही नाही.”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही आणि मग दोघी एकदम हसलो. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध साखर नसताना घेणारी बाई कोण असते, हे दोघींनाही ठाऊक होते. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, आपल्याकडे सरसकट ज्याला पीसीओडी म्हणतात, तो आजार आम्ही अकरा वर्षे एकमेकींच्या शेजारी बसून एकमेकींपासून लपवला होता.

हा लेख आम्ही मिळून लिहीत आहोत. त्यात ‘मी’ येणार नाही. कोणते वाक्य कोणाच्या अंगावरचे, हे ओळखण्याच्या खटाटोपात वाचकाने पडू नये. जेथे भेद अटळ आहे तेथे एकीला थोरली व दुसरीला धाकटी म्हटले आहे. थोरली सहाच महिन्यांनी थोरली आहे. तिला एक लेक आहे. धाकटीला मूल नाही.

भाषेच्या शिक्षकांना आजार आधी भाषेत भेटतो. मराठीत ‘दिवस जाणे’ ही आनंदाची बातमी आहे. धाकटीचे लग्नानंतर दिवस गेले ते खरोखर नुसतेच गेले : साठ, नव्वद, एकदा तर एकशेचाळीस. प्रत्येक वेळी घरात कुजबुज झाली, प्रत्येक वेळी ती खोटी ठरली. थोरली माहेरी ‘अंगाने भरलेली’ होती, सासरी तिचे ‘अंग सुटले’. शरीर तेच होते, क्रियापद तेवढे बदलले. हनुवटीवर येणाऱ्या राठ केसांना तर आमच्या भाषेत शब्दच नव्हता. वर्गात खिडकीचा उजेड हनुवटीवर पडणार नाही अशा बेताने उभे राहायचे, हे मात्र दोघी स्वतंत्रपणे शिकलो होतो.

आणि ‘गाठ’ हा शब्द. सोनोग्राफीचा कागद पाहून डॉक्टर सहज म्हणाले, “अंडाशयावर बारीक गाठी आहेत.” बार्शीत हा शब्द सहज घेता येत नाही. येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतून माणसे येतात. ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही भारतात प्रथम येथेच, १९८७ साली सुरू झाली आणि तिचे कार्यकर्ते गावोगाव बायकांशी गर्भाशयाच्या आजाराबद्दल बोलत हिंडले. या गावात गाठ म्हटले की पुढचे वाक्य कोणी विचारत नाही. ती रात्र धाकटीने आपल्यामागे दागिने कोणाला द्यायचे याचा विचार करण्यात काढली.

पुढे कळले की त्या गाठी नव्हेतच. अंडाशयात दर महिन्याला काही बीजकोश वाढीला लागतात व त्यांतला एक पक्व होतो. या आजारात ते अर्ध्यावर थांबतात आणि सोनोग्राफीत मण्यांसारखे दिसतात. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या तपासणीवरून हे दुखणे नोंदवले आणि जे डोळ्यांना दिसले त्यावरून पुढे नाव पडले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञसभेने हे नाव दिशाभूल करणारे आहे, ते बदलावे अशी शिफारस केली होती. चुकीच्या नावाने माणूस चुकीच्या जागी घाबरतो, हे आम्ही त्या रात्रीच्या अनुभवावरून सांगू शकतो.

खरी भानगड बहुतेक जणींत इन्सुलिनपाशी असते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर पेशींत पोहोचवायला स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून ते आणखी सोडते. हे वाढलेले इन्सुलिन अंडाशयांना पुरुषी संप्रेरके जास्त करायला लावते, आणि ती संप्रेरके बांधून ठेवणारे यकृतातले प्रथिन कमी करते. मग बीज पक्व होत नाही, पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात, पोटावर चरबी साठते. आणि ती चरबी इन्सुलिनला आणखी बहिरे करते. वजन कारणही आहे आणि परिणामही. सडपातळ बायकांनाही हा आजार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातील शंभरांत दहा ते तेरा जणींना तो असतो, आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांपर्यंत जणींना ते माहीतही नसते. म्हणजे आमच्या साठ मुलींच्या वर्गात अशा सहा-सात असाव्यात. त्यांतली एखादी खिडकीपासून दूर बसत असेल.

उपाय सगळ्यांना माहीत असतो : कमी खा. तो डॉक्टरांनी सांगितला, जावेने सांगितला, शिपाईमामांनीही सांगितला. आम्ही तो केलाही. थोरलीने एका वजन घटवणाऱ्या केंद्रातली भुकटी पाण्यात कालवून चार महिन्यांत नऊ किलो उतरवले. केस मूठ-मूठ गळले आणि पुढच्या वर्षात अकरा किलो परत आले. धाकटीने काकडी-टोमॅटोवर एक चैत्र काढला. शेवटी एका लग्नात भांडारघराच्या दाराआड उभ्याने सहा जिलब्या खाल्ल्या आणि आठवडाभर स्वतःचे तोंड पाहिले नाही.

येथे गावाची गोष्ट सांगणे भाग आहे. बार्शीचे ग्रामदैवत भगवंत, आणि भगवंताची कथा अंबरीषाची. भागवताच्या नवव्या स्कंधात ती आहे. गावाचे नावही द्वादशीवरून, बारशीवरून पडले असे परंपरा सांगते. राजा अंबरीष एकादशीचे व्रत करी. एका द्वादशीला पारण्याच्या वेळी दुर्वास ऋषी आले. राजाने जेवायला बोलावले. ऋषी स्नानाला गेले ते येईनात. द्वादशी सरत आली. पाहुण्याआधी जेवावे तर अतिथीचा अपमान, थांबावे तर पारणे चुकून व्रत वाया. राजाने जाणत्यांना विचारले आणि घोटभर पाणी घेतले, कारण पाणी पिणे हे जेवल्यासारखेही आहे आणि न जेवल्यासारखेही. तेवढ्यावरून दुर्वास कोपले, कृत्या सोडली, सुदर्शन चक्र ऋषींच्याच मागे लागले, वगैरे. चक्र, शाप, भक्ताचा विजय या भागावर कीर्तने रंगतात. लहानपणापासून ऐकलेल्या या कथेत आम्हांला चाळिशीत निराळेच काही दिसले. शास्त्राला येथे काळजी आहे ती राजाने वेळेवर खाल्ले की नाही याची. व्रत जेवढे न खाण्यात आहे तेवढेच वेळेवर खाण्यातही आहे. पारणे चुकले तर उपवास फुकट.

आमच्या घरांत उपवासाचा भाग चोख शिकवला गेला, पारण्याचा कोणी शिकवलाच नाही. दोन एकादश्या, एक चतुर्थी, चार सोमवार : थोरलीचे महिन्याला सात उपवास. आणि दुर्वास तर रोजचेच. कोणी अडत्याकडे गेलेले, कोणी आंघोळीत, कोणी गाडीवर. त्यांची वाट पाहत दुपारचे तीन वाजत. तोपर्यंत तीन गोड चहा आणि बिस्किटे होत, ती कोणी मोजत नसे. मग उरलेला भात असे, तो टाकवत नसे. ‘फार खाते’ असे जिच्याबद्दल बोलले जाई, ती बाई दिवसभर जेवलेलीच नसे.

उपवासाच्या ताटाबद्दलही बोलले पाहिजे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण सगळे हसण्यावारी नेतात. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, प्रथिने जवळजवळ नाहीतच. तो आपल्याकडे मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांतून येतो, आणि कसावाचे मूळ दक्षिण अमेरिकेत. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, राजगिरासुद्धा त्याच खंडांतला. भगर तेवढी इकडची. अंबरीषाला यांतले बहुतेक पदार्थ ओळखूही आले नसते. पाचशे वर्षांत ज्या भाज्या-कंदांनी आमच्या सोवळ्यात जागा मिळवली, त्या सोवळ्यात हुलग्याच्या वाटीला मात्र मनाई. इन्सुलिन बहिरे झालेल्या शरीराला साबुदाण्याची वाटी काय करते, हे थोरलीने दुपारच्या तासाला टेबलाचा आधार घेऊन अनेकदा अनुभवले आहे.

मग आम्ही ‘पथ्य’ हा शब्द नीट पाहिला. आपल्या बोलण्यात पथ्य म्हणजे काय खायचे नाही त्याची यादी. संस्कृतात मात्र पथ्य म्हणजे पथाला धरून असलेले, वाटेवरून न ढळलेले, मानवणारे. पाश्चात्त्यांच्या ‘डाएट’चे मूळ असलेला ग्रीक शब्दही जगण्याची रीत सांगतो. दोन्ही शब्द जगण्याचे होते, आपण दोन्ही नकाराचे केले. अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून २०२३ मध्ये या आजाराची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत कोणताही एक आहार दुसऱ्याहून श्रेष्ठ ठरलेला नाही असे स्पष्ट म्हटले आहे. जो दीर्घकाळ निभेल तो खरा. वजनावरून होणारी हेटाळणी हा रुग्णाला होणारा अपाय आहे, हेही तेथे नोंदवले आहे. ते वाक्य आम्ही दोनदा वाचले.

निभण्यासारखे जे होते ते गावातच होते. सोलापूर जिल्हा हा ज्वारीचा मुलूख. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बार्शीच्या बाजारात ज्वारी आणि तूर यांचा दरवळ अंगावर येतो. पण आमच्या पिढीत नोकरी लागली की घरात पोळी आली. भाकरी शेतात गेली, पोळी ऑफिसात आली. स्टाफरूममध्ये आम्ही भाकरीचा डबा झाकणाआड खाल्लेला आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, पुण्याच्या हॉटेलांत ज्वारी ‘मिलेट’ म्हणून महाग झाली, तेव्हा सहकाऱ्यांनी आमच्या डब्यात आदराने डोकावायला सुरुवात केली.

पथ्य असे ठरले : सकाळी साडेनऊला, कॉलेजला निघण्याआधी, पूर्ण जेवण, कोणी आलेले असो वा नसो. एक भाकरी, वाटीभर मटकी किंवा हुलगा किंवा घट्ट वरण, दोन वाट्या पालेभाजी, ताक. आधी उसळ-भाजी, मग भाकरी, कारण याच क्रमाने जेवले तर रक्तातली साखर सावकाश चढते. भाकरी म्हणजे जादू नव्हे. दुसरी भाकरी ही शेवटी पिठाचीच असते. शेंगदाण्याची चटणी चमच्याने मोजून, कारण तिच्यात तेल आहे आणि आमचा जीवही आहे. चहाची साखर सुटायला सर्वांत जास्त दिवस लागले. रात्रीचे जेवण आठच्या आत आणि नंतर अर्धा तास चालणे. एकटी बाई रात्री चालली तर गाव विचारते, दोघी चालल्या तर विचारत नाही. त्या चालण्यात हा लेख ठरला.

निकाल असा : थोरली चौदा महिन्यांत ७८ किलोंवरून ७१ वर आली, नंतर दोन किलो परत चढले आणि तेथे थांबले. चौथ्या महिन्यापासून पाळी पस्तीस-चाळीस दिवसांवर आली. वजन शेकडा पाच ते दहाने उतरले तरी संप्रेरकांची घडी बरीच बसते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. धाकटीचे वजन जेमतेम तीन किलो घटले. पण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ वरून ५.६ वर आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. भारतीय शरीराबद्दल काटा किती थोडे सांगतो हे त्या छायाचित्रात आहे. धाकटीने काटा माळ्यावर ठेवला. श्रेय सगळे भाकरीला देऊ नये : चाळिशीत या आजाराची पाळी अनेकदा आपोआप थोडी सुधारते, आणि गोळी चालूच होती. मधुमेहाचा धोका मात्र वयाबरोबर जात नाही. आणि पाळी तीन-तीन महिने आली नाही तर गर्भाशयाच्या अस्तराला जपावे लागते, डॉक्टरांना दाखवावे लागते. या गावात हे वेगळे सांगायला नको. धाकटीला मूल झाले नाही. पथ्य उशिरा आले, एवढेच आम्ही त्याबद्दल एकमेकींशी बोलतो.

हे सगळे साधल्याच्या समाधानात असताना २०२५ ची आषाढी आली. ६ जुलै, रविवार. थोरलीची लेक सतरा वर्षांची, लातूरला शिकवणीसाठी वसतिगृहात राहणारी, सुट्टीला घरी आली होती. भगवंताच्या देवळात रांगेत असताना तिला भोवळ आली. पायरीवर बसवले, पाणी मारले. तिचे मनगट हातात धरताना धाकटीला ते हलके लागले. संध्याकाळी हळूहळू सगळे बाहेर आले. पाळी अनियमित होती, हनुवटीवर दोन केस दिसले होते, मोबाइलवर तिने सगळे पाहिले होते. आईचाच आजार आपल्याला, असे ठरवून तीन महिने तिने रात्रीची मेस सोडली होती. सोमवार, गुरुवार, शनिवार धरले होते. सहा किलो उतरले होते आणि पाळी पूर्णच थांबली होती. उपासमारीनेही पाळी थांबते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. निदान तर झालेलेच नव्हते. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे ती मागेपुढे होतेच, आणि या वयात सोनोग्राफीवरून हा आजार ठरवू नये असे त्या २०२३ च्या तत्त्वांत लिहिले आहे.

“तूच म्हणाली होतीस की, आई. मार्चमध्ये. थोडं कमी खात जा म्हणून.”

थोरलीला ते आठवत होते. गॅससमोर उभी असताना, मागे न वळता ती म्हणाली होती. पंचवीस वर्षांपूर्वी तिला जे आणि जसे म्हटले गेले होते, तसेच. भांडारघरामागच्या जिलब्या, मूठभर गळलेले केस, माळ्यावरचा काटा यांतले लेकीला काहीच सांगितले नव्हते. दिलेले होते ते एवढे एकच वाक्य.

दुसऱ्या दिवशी द्वादशी होती, आणि वार सोमवार. थोरले दीर वारीहून परतत होते. कुर्डुवाडीच्या अलीकडे गर्दीत अडकलो आहोत असा फोन आला. सासूबाई म्हणाल्या, “येऊ द्या त्याला, मग सगळेच बसू.” लेक म्हणाली, “मला आज सोमवार आहे. मी उद्या खाईन.” थोरलीचाही सोमवार होता, लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणापासूनचा. धाकटी सकाळीच आलेली होती. तिने काही न बोलता पाटावर तीन ताटे मांडली : मेथी, मटकी, वरण, भाकरी. थोरली हात धुऊन आली, लेकीशेजारी बसली आणि तिने भाकरीचा तुकडा मोडला.

“सोमवार मोडलास?” सासूबाईंनी विचारले. आवाजात राग नव्हता, भीती होती.

“मोडला नाही, आई. सोडला.”

आम्ही मराठीच्या शिक्षिका. उपवास मोडणे आणि उपवास सोडणे यांतला फरक वर्गात कधी सांगण्याची वेळ आली नव्हती. सासूबाई उंबऱ्याशी थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग आत गेल्या आणि ताकाचे भांडे घेऊन आल्या. चौथे ताट त्यांनी स्वतःच वाढून घेतले.

लेकीने त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली. वाटीतली मटकी उरवली. आमच्यासारखी उत्तरे तिला अकरा वर्षांनी मिळू नयेत म्हणून त्या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी प्रथम तिचे खाणे विचारले, वजन नंतर केले. तिला हा आजार आहे की नाही ते अजून ठरायचे आहे. लातूरहून ती आता रात्री ताटाचा फोटो पाठवते. कधी तो येतो, कधी येत नाही. न आला तर थोरली फोन करते आणि काय खाल्लेस ते विचारण्याआधी आपण काय खाल्ले ते सांगते.

दीर त्या दिवशी पावणेदोनला आले. पाय धुतले, पाटावर बसले, स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाले, “तुम्ही थांबलात का सगळ्या? उशीर झाला मला.”

“नाही,” आम्ही म्हणालो. “आमचं झालं जेवण.”